सात नंबरचा दगड

हे लिहायचंच न्हाई असं ठरवलं होतं. दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं. पण गुरुवारी मुखेडला जायचंय, अन् तिथं गेल्यावर मी परत काहीतरी भरून सांगेन अशी भीती वाटून राहिली. म्हणून आधी इथं लिहितो. जसं झालं तसं.

मी अन् मुनीब लातूरच्या क्लासला दोन वर्षं एका बाकावर, राहायला एका खोलीत. सीईटीचा पेपर झाला त्याच दुपारी दोघांना कळलं, मेडिकल काय आपलं होत न्हाई. मी तोंड पाडून बसलो. मुनीबनं मात्र खिशातनं एक घडी घातलेला कागद काढला. माहूरच्या डोंगरावर दहा दिवसांची उन्हाळी शाळा, डोंगरातली जैवविविधता, बारावी दिलेल्या पोरापोरींसाठी.

"चल बे आनंद. दोन वर्षं बेडकाचं हृदय गिरवलं. एक जिता बेडूक तर बघू."

"मे महिन्यात? माहूरला? बेडूक?"

"नक्को बेडूक. जे हाय ते बघू."

त्याचे अब्बा, मोहियोद्दीन चाचा, मुखेडात शिलाई मशीन दुरुस्त करतात. त्यांना पोरगं डॉक्टर झालेलं पाहिजे. पण या शाळेतनं एकाला पुढं हिमालयातल्या मोठ्या शिबिराला नेणार होते. चाचा म्हणले, "तिथं तुला निवडलं तर मी समजेन, या कामाचं डोकं हाय तुला. मग खुशाल बीएस्सी कर. न्हाई निवडलं तर मुकाट्यानं रिपीटर बॅच, परत सीईटी."

म्हणजे मुनीबचं सगळं त्या दहा दिवसांवर होतं. हे मला माहीत होतं. आधीच सांगून ठेवतो.

शाळा घेणाऱ्या महामाया मॅडम नांदेडच्या. डोक्याला पंचा बांधून आमच्या आधी डोंगर चढायच्या. आम्हा दोघांना मिळून उतारावरचा एक तुकडा, त्यात वीस दगड, त्यांवर चुन्यानं नंबर. रोज सकाळी एकेक दगड उचलायचा, खाली काय हाय ते तक्त्यात लिहायचं अन् दगड होता तसा ठेवायचा.

"उचलताना आपल्याकडं कलता उचला," मॅडम म्हणल्या. "म्हणजे आतलं जे हाय ते पलीकडं पळंल, तुमच्या पायावर न्हाई. अन् नीट ठेवा. ते कोणाचं तरी घर हाय."

घर म्हणल्यावर मी हात मागं घेतले. आमचं गाव औसा तालुक्यातलं, भूकंपात पडलेलं. मी नंतरचा, पत्र्याच्या शेडात जन्मलेला. मी काहीच बघितलं न्हाई. पण माझी आई, सुमनबाई, अजून पाटा भिंतीला उभा टेकवत न्हाई, आडवा ठेवती. अन् लहानपणापासून मला एकच बोलणं: दगडाखाली हात घालू नको. का, ते तिनं सांगितलं न्हाई, मी विचारलं न्हाई.

म्हणून मुनीब दगड उचलायचा, मी लिहायचो. त्यानं कधी विचारलं न्हाई का म्हणून.

चौदाखाली रोज एक विंचू. नऊखाली मुंग्या. अन् पहिल्याच दिवशी सातखाली एक जाड शेपटीची, पट्ट्यापट्ट्यांची पाल. डोळे मिटत उघडत आमच्याकडं बघून राहिली.

"बिसखोपरा!" मुनीब दोन पावलं मागं. "अम्मी सांगती, फुंकर मारली तरी माणूस जातो."

मॅडम हसल्या. "विषबिष काही न्हाई तिच्यात. उलट विंचू खाती ती."

पाच दिवस पाल सातखालीच. मुनीबला येड लागलं. सातच का? सहाखाली सावली जास्त हाय, मग सातच का? जेवताना तेच, आंघोळीला रांगेत तेच.

सहाव्या दिवशी त्याला ऊन लागलं, अंग तापलं. म्हणला, "तू जा. एक दिवस चुकला तर सगळं बिघडंल."

गेलो. एक नंबरच्या दगडासमोर उभा राहिलो. हात पुढं केला की बोटं आपोआप मिटायची. उन्हं वर आली तरी एकही दगड हलला न्हाई.

अन् तक्ता कोरा. क्लासमध्ये सरांनी दोन वर्षं आमच्याकडनं घोकून घेतलं होतं: निगेटिव्ह मार्किंग न्हाई, एकही गोल कोरा सोडायचा न्हाई, येत नसंल तर ठोका. सागाच्या झाडाला टेकून बसलो अन् पाच मिनिटांत वीसच्या वीस रकाने ठोकले. रोजच्यासारखंच लिहिलं तर खोटं वाटंल म्हणून पाल सातखालनं काढून चौदाखाली टाकली. विंचू होता तिथंच ठेवला.

मुनीब वही बघून अंथरुणात उठूनच बसला.

"चौदाखाली? विंचवासंगं?"

"हाव."

"खाल्लं न्हाई तिनं त्याला?"

"न्हाई. बसली होती."

दुसऱ्या दिवशी पाल परत सातखाली. आता मुनीबला काय थांबवता! एक दिवस पाहुणी गेली, विंचवाशेजारी बसली, अन् आपला दगड ओळखून माघारी आली. त्यानं चौदापासून सातपर्यंत पावलं मोजली. मधल्या गवताचं चित्र काढलं. सगळा अहवाल त्या एका दिवसावर उभा केला. मी चित्राला रंग दिला. हो, रंग दिला. तोंड उघडायला तीन दिवस होते, उघडलं न्हाई.

शेवटच्या दिवशी चार वाजता मुनीब सगळ्यांसमोर बोलला. लई भारी बोलला. मॅडम खुर्चीवरनं पुढं सरकल्या.

"विंचू अन् ही पाल, एका दगडाखाली, दिवसा? मी तरी कधी बघितलं न्हाई. ही नोंद कोणी घेतली?"

"आनंदराजनं, मॅडम," मुनीब म्हणला. "मी आजारी होतो. यानं एकट्यानं घेतली. याला दगडाची भीती वाटती, तरी गेला."

म्हणजे माझ्या भीतीचं त्याला आधीपासनं ठाऊक होतं.

मी उठलो. "मॅडम, मी एकही दगड उचलला न्हाई. ते ठोकलेलं हाय."

कोणीतरी फिस्सकन हसलं. मुनीब हसला न्हाई. मॅडमनी तक्ता घेतला, त्या ओळीवर एक रेघ मारली अन् त्याला परत दिला. "आता काय उरलं, मुनीब?"

त्यानं तक्त्यावर बोट ठेवून दिवस मोजले. "नऊ दिवस सातखाली. सातच का, मला माहीत न्हाई."

"हे चांगलं हाय," मॅडम म्हणल्या. पण निवड देगलूरच्या उमैमाची झाली. तिनं गवतं मोजली होती. तिच्या तक्त्यात अकरा रकाने कोरे होते, अन् प्रत्येकाखाली कारण लिहिलेलं.

माहूर ते नांदेड मुनीब माझ्यापासनं लांबच्या सीटवर बसला. स्टँडवर त्याची मुखेडची गाडी लागली, माझी अहमदपूरवरनं लातूरला जाणारी अजून यायची होती. बॅग उचलताना म्हणला,

"सोमवारी रिपीटर बॅच सुरू हाय."

"मी चाचांना सांगतो. चूक माझी होती, तुझी न्हाई."

"काय सांगशील? काहीतरी छान?"

"न्हाई. झालं ते."

"कधी?"

"गुरुवारी. तुझ्या घरी येऊन."

पायरीवर एक पाय ठेवून तो थांबला. "अब्बा विचारतील, पालीच्या मागं लागून पोराचं होणार काय? तेव्हा डॉक्टरपेक्षा मोठा होईल, असलं काही ठोकू नक्को."

"न्हाई ठोकणार," मी म्हणलो. "माहीत न्हाई म्हणून सांगीन. तो रकाना कोरा सोडीन, मुनीब. शब्द देतो."