कागदी पट्ट्यांखालचा मूकपट

मित्रांनो, माझ्या डब्याला कान लावलात तरी काही ऐकू येणार नाही. मी एक जुना मूकपट आहे, पाच रिळांचा. बायकोच्या खोलीत परका हातमोजा सापडतो, नवरा संशयानं कपाटं उपसतो आणि स्वतःच पलंगाखाली अडकतो, अशी माझी गंमत. तरुणपणी मी गावोगाव फिरलो, रडक्यांनाही हसवलं. मग बोलपट आले आणि मी माळ्यावर पडलो.

तिथून मला एका संग्राहकांनी आणलं. गल्लीतली मुलं त्यांना 'डबाकाका' म्हणत. माझी दुसरी प्रत जगात नाही, हे कळताच त्यांनी डब्यांवर सही केलेल्या कागदी पट्ट्या चिकटवल्या. न उघडलेल्या डब्यांचा मान मोठा, असं ते म्हणत. त्यांनी मला एकदाही पाहिलं नव्हतं.

त्यांची बायको, म्हणजे काकू, पूर्वी चित्रपटगृहात तुटक्या फिती जोडायच्या. माझ्या अंगातून उग्र वायू सुटतो, तो कोंडला की मीच मला खातो, हे त्यांना ठाऊक होतं. काका बाहेरगावी गेले की त्या पट्ट्या अलगद सोडवत, मला हळुवार उलगडत, मायेनं वारा देत आणि पट्ट्या पुन्हा चिकटवत.

एकदा एक पट्टी तिरकी बसली.

"कुणाला दाखवलंस?" काकांनी विचारलं.

"कुणाला नाही. वारा दिला."

"वारा द्यायला ती फीत काय गादी आहे?"

"गादीच समजा. तिलाही घाम येतो."

काकांना ते पटलं नाही. खोलीला नवं कुलूप लागलं. काकूंनी किल्ली मागितली नाही, खोलीकडे पाहणंही सोडलं. दोन वर्षं मी अंधारात घुसमटलो.

मग दुसरे एक संग्राहक मला बघायला आले. काकांनी पट्ट्या फाडल्या, तर पाचव्या डब्यात चिकट, तपकिरी गोळा. पाहुणे नाकाला रुमाल लावून निघून गेले. काकांनी काकूंना हाक मारली.

"चार वाचतील," काकू वाकून म्हणाल्या. "पाचवं गेलं."

"त्यात काय होतं गं?"

"नवऱ्याला चूक कळते."

"आणि बायको माफ करते?"

काकूंनी खिडकी उघडली. "तेवढं दाखवलेलं नाही, अहो."

मित्रांनो, आता माझ्यात संशय पुरता आहे, शेवट नाही. जपायचं असेल त्याला कोंडू नका. आणि जो जपायला हात पुढे करतो, त्याचं निदान ऐकून तरी घ्या.