गोरक्षच्या डोक्याचा उपास

रामकुंडावर मी जन्मभर यजमानांना थापा ऐकवल्या. गोदावरीतला मासा माझ्याशी संस्कृतात बोलला, हे आजही लोक ऐकून घेतात. पण डॉक्टर स्वरदाबाईंनी माझ्यावर कडी केली, तीही चेहऱ्यावरची रेष न हलवता.

येवल्याकडचा गोरक्ष आमचा पिढीजात यजमान. मेंदूत कर्करोगाची गाठ. ऑपरेशन होऊनही थोडी उरलेली. नव्या औषधाच्या चाचणीत त्याचं नाव लागलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "मेंदूभोवती पहारा असतो. साधं औषध आत शिरत नाही. म्हणून ते केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याएवढ्या कणांत भरायचं आणि कणांना साखरेचं आवरण द्यायचं. उपाशी मेंदू साखरेला दार उघडतो, तिच्याबरोबर औषध आत."

मी गारच पडलो. कुंभातला बंदोबस्त चुकवायला भगवी कफनी घालून मी घाटावर घुसलो, ही माझी आवडती थाप. ती इथे माणसाच्या टाळक्यात खरी होत होती.

"मात्र आदल्या संध्याकाळपासून फक्त पाणी," बाईंनी बजावलं.

"डॉक्टरसाठी भाकर सोडायला मी काय येडा हाय?" बाहेर येताच गोरक्ष म्हणाला.

"डॉक्टरचं सोड. त्र्यंबकराजाचा कडक उपास समज. मोडलास तर गाठ दुप्पट होईल."

शेवटची भर माझ्या पदरची. त्याने मुकाट हात जोडले.

सकाळी रक्तातली साखर तपासायला नर्सने त्याचं बोट टोचलं. आकडा पाहून पुन्हा टोचलं.

"काय खाल्लंत?" बाईंनी विचारलं.

"काय नाय. उपास हाय ना."

त्याची बायको सिंधुबाई हिने कौतुकाने डबा उघडला. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा गोड कीस, राजगिऱ्याचा लाडू. "मीठबी सैंधव घातलंय, बाई. उपास ढळू दिला नाय."



"मेंदू पोटभर जेवलाय," बाई हळूच म्हणाल्या. "आज औषध नाही. उद्याही असं झालं तर नाव काढावं लागेल. उपास कोणी सांगितला?"

"मी," मी म्हणालो.

"गुरुजी, डॉक्टरपुढं तरी थापा नका मारू," सिंधुबाई म्हणाली. मला वाचवत होती बिचारी.

गोरक्ष मात्र पांढराफटक पडला होता. "गुरुजी, उपास मोडला. मंग गाठ दुप्पट झाली का?"

"थाप होती रे ती."

"आन ते साखरेचे कण? तेबी थापच? मंग मी घरी जातो."

तो खाटेवरून उतरू लागला. आयुष्यात एकदाच खरं पटवायचं होतं. मी त्याची वाट अडवली.

"ते बाईंचं आहे. माझ्याच्याने एवढं रचलं गेलं नसतं," मी म्हणालो. "तू उपाशी, तर मीही उपाशी. इथेच बसतो."

खाटेवर परत बसून त्याने डबा माझ्याकडे सरकवला. मी झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी बोट टोचल्यावर बाईंनी मान डोलावली. सलाईनच्या नळीतून औषध उतरू लागलं.

"शिरलं का आत?" गोरक्षने विचारलं.

जिभेवर दहा गोष्टी तयार होत्या. "मला माहीत नाही रे," मी म्हणालो.

सिंधुबाई दचकली. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.