बाल्दीतला क्लोरीन

डिचोलीतल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात रघुनाथ सर रसायनशास्त्र शिकवायचे. त्या दिवशी पालक प्रयोगशाळा बघायला येणार होते आणि बेसिनचे डाग काही केल्या निघत नव्हते. सफाईला असलेली दोडामार्गाकडची पार्वती घासून घासून घामाघूम झाली होती.

“ब्लीचनं जायना, सर.”

“मग त्याच बाल्दीत ॲसिड घाला थोडं,” सर मान वर न करता म्हणाले आणि वर्गावर गेले.

फळ्यावर तारीख लिहितात न लिहितात तोच खोकल्याची उबळ ऐकू आली. सर धावले. बाल्दीच्या काठावरून हिरवट-पिवळा वायू खाली ओघळत होता. वास नाकात शिरला आणि आपण काय सांगून बसलो ते त्यांना उमगलं. शिपाई प्रवीणनं पार्वतीला ओढत व्हरांड्यात आणलं, सरांनी भराभर खिडक्या उघडल्या.

प्राचार्या अर्चनाबाई आल्या. “हे कोणी मिसळलं?”

“घाईत तिनंच काहीतरी एकत्र केलं असावं,” सर बोलून गेले.

पार्वतीनं मान वर केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. बोलायला श्वासच नव्हता. तिला गाडीत घालून इस्पितळात नेलं. संध्याकाळी निरोप आला, धोका टळला, पण छाती भरलेली आहे.

दुसऱ्या दिवशी वर्गात रासायनिक समतोल चालू होता. सर शिकवत होते, “क्लोरीन पाण्यात विरघळला की थोडा पाण्याशी संयोग पावतो आणि दोन आम्लं तयार होतात. त्याच वेळी ती आम्लं उलटी फिरून पुन्हा क्लोरीन बनवत असतात. दोन्ही बाजूंचा वेग सारखा झाला की समतोल. आता यात बाहेरून आम्ल घातलं, तर तोल मागे झुकतो आणि...”

“क्लोरीन बाहेर पडतो,” पहिल्या बाकावरची समीक्षा म्हणाली. मग जरा थांबून तिनं विचारलं, “सर, पार्वतीमावशीच्या बाल्दीत हेच झालं ना? तिला बिचारीला कोणी सांगितलं नसणार.”

सरांच्या हातातला खडू फळ्यावरच थांबला. ते वर्गाकडे वळले.

“सांगितलं होतं,” ते म्हणाले. “ॲसिड घाला म्हणून मीच सांगितलं होतं. आणि काल बाईंना खोटं सांगितलं.”

तास अर्ध्यावर सोडून सर अर्चनाबाईंच्या खोलीत गेले आणि तेच पुन्हा बोलले. “मी तिला कामावरून काढायचं ठरवलं होतं,” बाई म्हणाल्या. “आता हे सगळ्यांसमोर सांगा. आणि आधी तिच्याकडे जा.”

पार्वती इस्पितळाच्या खाटेवर उशाला टेकून बसली होती. सरांनी हात जोडले.

“तुमी सांगितलात म्हणून घातलं, सर,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. “दुसऱ्या कोणी सांगितल्यान असतं, तर आधी इचारलं असतं.”

एवढं बोलून तिनं भिंतीकडे तोंड केलं. सर स्टुलावर बसून राहिले. नर्सनं भेटीची वेळ संपल्याचं दोनदा सांगितलं, तेव्हा कुठे ते उठले.