पाचच्या आत नाही

धाकट्या भावाचा फोन ठेवून ती वडिलांच्या खाटेकडे वळली, तोवर नानांनी शस्त्रक्रियेच्या संमतीपत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गणित मांडलंही होतं.

“कितीचं विमान म्हणाला?”

“सव्वाचं मिळेल म्हणाला.”

“सतराशे किलोमीटर. हवेत अडीच तास. मग उतरणं, बाहेर पडणं, टॅक्सी...” त्यांनी पेन थांबवलं. “पाचच्या आत नाही पोहोचत.”

विमानांचे मार्ग आणि वेळा आखण्यात नानांची सारी नोकरी गेली होती. त्यांच्या आकड्यांत चूक काढायची घरात कुणाची प्राज्ञा नव्हती. इकडे डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, शस्त्रक्रिया दोनला सुरू व्हायलाच हवी, त्यापुढे काही खरं नाही. आणि नाना हट्टाला पेटले होते. मुलाचं तोंड पाहिल्याशिवाय सही करणार नाही म्हणजे नाही.

“त्याचं तोंड पाहून काय होणार आहे, नाना? मी आहे ना इथं?”

“तू आहेसच गं,” नाना म्हणाले.

तो ‘च’ तिला फार लागला. वर्षभर नोकरी सांभाळून औषधं, पथ्य, तपासण्यांच्या रांगा, सगळं तिनं एकटीनं रेटलं होतं. धाकटा रविवारी फोन करायचा, सुट्टी मिळत नाही म्हणून हळहळायचा. तेवढ्यावर नाना दिवसभर खुशीत असत. एरवी ती हे हसण्यावारी नेई. आज तिला ते जमेना. हा माणूस हट्टापायी जीव गमावणार, असंच तिला दिसत होतं.

एक वाजायला दहा मिनिटं असताना दार उघडलं. धाकटा आत आला. घामाघूम, पायांत घरातल्या चपला, हातात हेल्मेट.

“आले का चिरंजीव!” नर्स म्हणाली. “चला आजोबा, करा सही.”

तिला आधी नुसतं हायसं वाटलं. मग तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. सव्वाचं विमान अजून जमिनीवरच होतं. तिनं त्याला दाराशी ओढलं.

“कधीपासून आहेस इथं?”

“आठ महिने.” त्याची मान वर होईना. “नोकरी गेली, ताई. पुलापलीकडे खोली घेतलीय. कुठल्या तोंडानं येणार होतो?”

आठ महिने नाना दुसऱ्या मजल्यावरून तिच्या खांद्यावर भार टाकून पायरी पायरी उतरत होते, आणि हा पुलापलीकडे होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला चांगलं फैलावर घ्यायला तिनं तोंड उघडलं, पण तेवढ्यात तिची नजर खाटेकडे गेली. नाना हेल्मेटकडे बघत होते. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मग बराच वेळ मुलाकडे.

“नाना, मी खरं तर...”

“वारा मागून असणार,” नाना म्हणाले. “मागून वारा असला की विमान लवकर पोहोचतं.”

त्यांनी कागद उलटला आणि सही केली.

न्यायला स्ट्रेचर आलं. दोघा भावंडांनी त्यांना उचलून त्यावर ठेवलं. नानांनी धाकट्याच्या गालावरून हात फिरवला. मग मान वळवून ते तिला शोधू लागले. ती पुढे वाकली.

“याला आधी काहीतरी खायला घाल,” ते म्हणाले. “लांबून आलाय.”