राखीव कीपर

"आगं, कान कुठं हायत तुझं?" आबाजी ओरडले.

चेंडू माझ्या हातमोज्याला लागून उसात गेला होता. झाडाला बांधलेल्या झोळीत माझी छकुली कण्हली होती, एवढंच. रडलीसुद्धा नव्हती.

"आबा, तिला भूक लागली असंल."

"आत्ताच तर पाजलीस. मेंढरं राखायचो तवा कोकरू वरडलं म्हून आमी कळप सोडत न्हवतो. हो उभी."

आबाजी माझे सासरे. तरुणपणी गोफणीतून दगड मारून कळप वळवायचे. आता मेंढरं नाहीत, ऊस आहे. पण नेम गेलेला नाही. पंधरा पावलांवरून चेंडू टाकतात तो सांगितल्या जागी पडतो. आमच्या पळसदेवात याहून चांगला सराव मला कुणी देऊ शकत नाही.

सात वर्षं मी देशाच्या संघात आहे, असं लोक सांगतात. खेळले चार सामने. बाकीचा वेळ राजेश्वरी स्टंपांमागे आणि मी सीमारेषेबाहेर, पाण्याच्या बाटल्या घेऊन. गोलंदाज चार-पाच लागतात, कीपर एकच लागते. दुसरीनं पहिलीच्या बोटांकडे बघत बसायचं. गेल्या आठवड्यात राजेश्वरीचा अंगठा मोडला. फोनवर मी "अरेरे" म्हणाले, आणि म्हणता म्हणता माळ्यावरचे हातमोजे काढायला स्टूल ओढलं.

आज दुपारी बारामतीत सराव सामना होता. निवड समितीच्या बाई पाहायला येणार होत्या. त्यांना पटलं, तर सोमवारी महिनाभराचा दौरा. छकुली अकरा महिन्यांची, अजून अंगावर पिते. बाळाला सोबत नेता येतं म्हणतात. मी विचारलं नाही. विचारलं की यादीत माझ्या नावापुढे आई असं लिहिलं जाईल आणि कीपर खोडलं जाईल, असं वाटत राहतं. तसं कुणी म्हटलेलं नाही. वाटतं खरं.

बारामतीत पहिली दहा षटकं बरी गेली. मग लेगस्पिनर आली आणि मी स्टंपांना खेटून बसले. मांड्या भरून आलेल्या, डोळे तिच्या मनगटावर. इतक्यात मंडपात बाळ रडलं.

माझं नव्हतं. माझं घरी, सासूबाईंजवळ होतं. पण अंगाला कुठं कळतं? छाती भरून आली, जर्सी ओली झाली. मी हात वर करून पाणी मागवलं आणि अर्धी बाटली अंगावर ओतून घेतली.

"एवढं ऊन न्हाय गं," स्लिपमधली रेश्मा म्हणाली.

"तुला न्हाय. मला हाय."

पुढच्याच चेंडूला फलंदाज पुढे सरसावली आणि चुकली. चेंडू हातात कधी आला ते कळलं नाही. बेल्स उडालेल्या तेवढ्या दिसल्या. सगळ्या माझ्याकडे धावत आल्या. मंडपातलं बाळ अजून रडतच होतं.

सामना संपल्यावर निवड समितीच्या बाई जवळ आल्या. "हात तसेच आहेत तुझे," म्हणाल्या. मग जर्सीकडे पाहिलं, की मलाच तसं वाटलं. "अजून पाजतेस का गं?"

"नाही. सुटलंय."

"नक्की? सोय करता येते."

"नक्की."

"मग बॅग भर."

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. "काय झालं?"

"सोमवारी जायचंय. पाजणं सुटलंय म्हणून सांगून आले."

त्यांनी पदर कमरेला खोचला. मग म्हणाल्या, "सांगितलंस तर आता सोडवाया पायजे." मागच्या दारी जाऊन कडुनिंबाचा पाला ओरबाडून आणला, पाट्यावर वाटला. "माझ्या तिन्ही पोरांचं ह्येनंच सुटलं. एक डाव कडू लागलं की फिरून तोंड लावत न्हाय."

त्यांनी वाटी पुढे केली. लगदा मीच लावला. ओट्यावर बसलेले आबाजी उठून उसाकडे गेले.

छकुली झेपावली. तोंड लावलं आणि थांबली. ओठ वाकडे झाले, सगळं अंग शहारलं. मान मागे घेऊन तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी हसायला गेले, जमलं नाही.

"आता सोडंल," सासूबाई हळूच म्हणाल्या.

छकुलीनं डोळे घट्ट मिटून घेतले आणि पुन्हा ओढू लागली. तिच्या हनुवटीवरून हिरवी लाळ ओघळत होती. सासूबाईंनी पाटा उचलला आणि धुवायला बाहेर नेला.