टाळकऱ्याची शिकवणी

कुवेतमध्ये एगैलाच्या ज्या फ्लॅटमध्ये आम्ही शुक्रवारी दारं-खिडक्या लावून कीर्तन करतो, तिथे बुवांच्या मागे उजव्या हाताला जयरामदादा टाळ घेऊन उभे असतात. शुवैखच्या गॅरेजात डेंटिंग करणारा हा गुहागरकडचा माणूस लिहिण्या-वाचण्यात बेताचाच, पण शेकडो अभंग मुखोद्गत. कसे आले म्हणून विचारलं तर सांगतात, बुवांनी चरण सोडला की उचलायचा, वेगळं काय करायचं असतं?

जानेवारीत त्यांचा मुलगा सुयोग आयर्लंडमध्ये मोटार अपघातात गेला. तिथे तो नर्स होता. बायको तिकडचीच, पश्चिम किनाऱ्यावरच्या गावातली, जिथे घरात अजून आयरिशच बोलतात. पाच वर्षांची तारा आईशी आयरिश बोलायची आणि बापाशी इंग्रजी. बाप घरी येईना, तसं तिने इंग्रजी टाकलं. कुणी त्यात बोललं की तोंड फिरवायची. दादांचं मोडकंतोडकं इंग्रजी हीच नातीपर्यंतची एक वाट होती, तीही बुजली. सुनेने त्यांना बजावलं होतं की बाबा हॉस्पिटलात आहे असंच ताराला सांगितलंय, मला धीर झाला की मीच खरं सांगेन, तोवर कुणी बोलू नका.

दादांनी ठरवलं, आयरिश शिकायचं. वय सत्तावन्न.

त्यांच्या खोलीतल्या आतिफने फोनवर ॲप घालून दिलं. पंधरा दिवस दादा मुलगी सफरचंद खाते नि घोडा दूध पितो एवढंच घोकत होते. "दादा, तुमची नात घोडा नाय पाळत," आतिफ म्हणाला. मग ऑनलाइन क्लास लावला. बाई चांगली होती, पण व्याकरण इंग्रजीतून समजावायची. दादा मान डोलवायचे, पण तास संपला की तोंडी एकही वाक्य नसायचं.

शेवटी त्यांनी आपलीच रीत धरली. सुनेला सांगितलं, रोज घरात जे बोलता ते फोनमध्ये भरून पाठव, अर्थ इंग्रजीत सांग. ये, जेव, बूट घाल, कुत्रा बाहेर गेला, डॅडी कामावर गेला. सुयोग असतानाचीही जुनी बोलणी तिने पाठवली. हातोडी चालायची, एका कानात सुनेचा आवाज, आणि तिने वाक्य सोडलं की दादा उचलायचे.

आतिफला हे पटत नव्हतं. "तुम्ही कुणाच्या तरी मागनंच बोलताव. स्वतःहून एक वाक्य बोला बघू."

"टाळकऱ्याने आधी तोंड उघडायचं नसतं रे," दादा हसले. मीही त्यांचीच बाजू घेतली. नाम तरी दुसरं कसं मुखी बसतं, असं म्हटलं मी. ते म्हणणं आता माझ्याच्याने गिळवत नाही.

चार महिन्यांनी, एका शनिवारी दुपारी, फहाहीलच्या त्यांच्या खोलीत मी शेजारी बसलेला असताना व्हिडिओ फोन लागला. सून फोन टेबलावर उभा करून स्वयंपाकघरात गेली. समोर तारा, कपाळ थेट सुयोगचं. दादा वाट बघत होते. तिने पायातले बूट दाखवून काहीतरी म्हटलं. दादांनी ते उचललं. तिच्या ओठाचा कोपरा हलला. मग कुत्र्याबद्दल काही बोलली, तेही उचललं. ती खुर्ची पुढे ओढून बसली. कीर्तनाला रंग चढतो तसं झालं होतं. आतिफसुद्धा डोळे पुसत होता.

मग ती अगदी जवळ आली आणि हळू आवाजात एक लहानसं वाक्य म्हणाली.

दादांनी तेही उचललं. खड्या आवाजात, अख्खं.

त्यातला एकेक शब्द त्यांना येत होता. डॅडी. घरी. येणं. नाही. पण वाक्य कळलं ते तोंडातून निघून गेल्यावर. त्यांनी माझा गुडघा घट्ट धरला.

तारा रडली नाही. घरातल्या कुणीच दिलं नव्हतं ते उत्तर मिळाल्यासारखी तिने मान हलवली आणि फोन पालथा घातला. काळ्या पडद्यामागून लहान पावलं ऐकू आली, मग तेच वाक्य, आईला सांगितलेलं. मग भांडं पडल्याचा आवाज. त्यानंतर सुनेचं रडणं आम्ही ऐकत राहिलो. फोन बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

सुनेने दोष दिला नाही. फक्त त्यानंतर तिचा आवाज फोनवर आला नाही.

गेल्या शुक्रवारी दादा आले, आपल्या जागी उभे राहिले. बुवांनी चरण सोडला. डावीकडच्यांनी उचलला. दादांचे टाळ वाजत होते, तोंड मिटलेलं होतं. प्रसाद द्यायला गेलो तर हात पुढे करत म्हणाले, "काय म्हणतायत ते आधी ऐकून घेत होतो."