जायफळचं उशिराचं शिक्षण

मी एक म्हातारा शिकारी कुत्रा आहे. पण मित्रांनो, तरुणपणी मी शिकारी नव्हतो. केस पिकायला लागल्यावर ही विद्या शिकलो, आणि खरी शिकार मी अजून पाहिलेली नाही.

माझी जात स्प्रिंगर स्पॅनियल. गवतात दडलेला पक्षी हुडकून उडवायचा, म्हणजे मागून येणाऱ्या बंदूकवाल्याला नेम धरता येतो. याच कामासाठी माझे पूर्वज पाळले जात. मला मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं. १९९९ साली शैलेंद्रकाकांनी मला अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनमध्ये त्यांच्या घरी आणलं, तेव्हा मी त्यांच्या एका बुटात मावत होतो. अंगावरचे तपकिरी डाग आणि अखंड झोप पाहून त्यांनी माझं नाव जायफळ ठेवलं.

काका मूळचे नागपूरचे. रोज न्याहारीआधी ते पोळीचा पहिला तुकडा घरामागच्या डेकच्या कठड्यावर ठेवत. आमच्या भागात कावळे पुष्कळ. ते आले की काका हळूच म्हणत, "जायफळ, पाहुणे आलेत." मग मी जमिनीला पोट लावून, पंजांवर हनुवटी टेकवून पडायचं. कितीही वाटलं तरी उठायचं नाही. हे शिकायला मला पूर्ण एक उन्हाळा लागला. नंतर कावळे माझ्या नाकासमोर उतरू लागले. घरी आलेल्या लोकांना काका मुद्दाम ते दाखवत. ती माझ्या कौतुकाची वर्षं होती.

२००६च्या ऑक्टोबरात काका ऑफिसात कोसळले आणि घरी परत आले नाहीत. वीणाकाकू घरात एकट्या राहिल्या. त्यांचा मुलगा ऋषी कोलंबसमधलं अपार्टमेंट सोडून वर्षभरासाठी घरी राहायला आला. तो इथेच जन्मलेला. घरात दोघं होती, पण बोलणं फार नव्हतं. काकू टीव्ही लावून ठेवत, पण बघत नसत. ऋषी जेवून वरच्या खोलीत जाई. मी बाहेरच्या दारापाशी पडून असे. कठड्यावर कुणी पोळी ठेवत नव्हतं.

पुढच्या वसंतात ऋषीनं ठरवलं की मला पक्ष्यांच्या शिकारीसाठी तयार करायचं. त्याच्या ऑफिसातली माणसं शिकारीला जात आणि तोही एकदोनदा जाऊन आला होता. काकूंना ते पटलं नाही. ज्यानं जन्मभर पाखरांना घाबरवलं नाही, त्याला आता हे शिकवायचं?

"आई, याला काहीतरी जॉब पाहिजे," ऋषी म्हणाला. "बाबा गेल्यापासून नुसता दाराकडे बघत बसतो, यार."

"तूही तेच करतोस," काकू म्हणाल्या. "तुला तर जॉब आहे."

अखेर त्यांनी एवढंच बजावलं की मेलेलं पाखरू घरात आणायचं नाही.

आम्ही शनिवारी सकाळी गावाबाहेरच्या एका शेतावर जाऊ लागलो. पिल्लाला शिकवणं सोपं असतं, कारण त्याच्या डोक्यात आधीचं काही नसतं. माझ्या डोक्यात काका होते. ऋषीनं कापडी गुंडाळीला पक्ष्याचे पंख बांधून ती फेकली, ती मी आणून दिली. शिट्टी वाजली की बसायचं, तेही जमलं. मी जेवत असताना तो लांबून लहान पिस्तुलाचा बार काढायचा आणि दर वेळी थोडा जवळ यायचा, म्हणून आवाजाची भीतीही गेली. पण गवतात खरं कबूतर ठेवलं की मी पोट टेकवून पडत असे. ऋषीचे मित्र पोट धरून हसले. हा व्हेजिटेरियन डॉग आहे, असं त्यांनी जाहीर केलं.

ऋषी मात्र चिडला नाही. माझी कंबर दुखते हे ओळखून तो थोडाच वेळ सराव घेई आणि दर वेळी पक्षी उडवण्यासाठी स्वतःच गवतात धावे. सप्टेंबरात एके सकाळी त्यानं गवतात फेझंट सोडला. फेझंट म्हणजे कोंबड्याएवढा, लांब शेपटीचा, रंगीत पक्षी. त्याचा वास माझ्या नाकात भरला आणि मी उडी घेतली. पंखांचा फडफडाट झाला, पक्षी वर गेला. शिकवल्याप्रमाणे मी तिथेच बसलो आणि ऋषीकडे पाहिलं. तो धावत आला, गुडघ्यांवर बसला आणि माझ्या मानेत तोंड खुपसून रडला. वडील गेल्यावर तो रडलेला मी प्रथमच पाहिला. पक्षी उडवला की काय मिळतं, ते मला त्या दिवशी कळलं.

ऑक्टोबरात काकांचं वर्षश्राद्ध आलं. पिट्सबर्गहून काकूंची मैत्रीण उत्तरामावशी आली, ओळखीची चार घरं आली. स्वयंपाक झाल्यावर काकूंनी डेकच्या कठड्यावर पान ठेवलं. कावळा पानाला शिवला की गेलेल्या माणसाचं मन कशात अडकलेलं नाही असं समजतात, आणि तोवर कुणी जेवत नाही. काकू काचेच्या दाराशी उभ्या होत्या. वर्षभरात त्यांना इतकी कशाची वाट पाहताना मी पाहिलं नव्हतं.

बराच वेळ गेला. मग कुंपणावर एक कावळा आला, तिथून कठड्यावर. तो नीट दिसावा म्हणून ऋषीनं दार थोडं सरकवलं.

त्याच्या पायांजवळून मी बाहेर झेपावलो. कावळा उडाला. मी उत्तम काम केलं होतं. मी बसलो आणि ऋषीकडे पाहिलं.

कुणीच जवळ आलं नाही.

"कुत्र्याला बांधायचं तरी," उत्तरामावशी पुटपुटली. ऋषीचा चेहरा पांढरा पडला होता. मला आत ओढून बांधलं, पण कावळा फिरकला नाही. काकांच्या मनात काय राहिलंय ते बोलून बघ, असं मावशीनं काकूंना सुचवलं. कुणी म्हणालं, ऋषीच्या लग्नाचं बोला. एका पाहुण्यांना आठवलं की शैलेंद्रचं बेसमेंट फिनिश करायचं राहिलं होतं. तेही बोलून झालं.

शेवटी काकू एकट्या बाहेर गेल्या. कठड्यापाशी उभ्या राहून त्या म्हणाल्या, "ऋषीला लांब अ‍ॅशबर्नला नोकरी मिळाली आहे. त्याला वाटतं मला माहीत नाही. त्याला जाऊ दे. मी राहीन इथे."

कावळा तरीही आला नाही.

काकूंनी पान उचलून आत आणलं, माझी दोरी सोडली आणि ते माझ्यापुढे ठेवलं. "श्राद्धात कुत्र्याचाही घास असतो," त्या सगळ्यांना म्हणाल्या. मला वाढलेल्या पानाला तोंड लावायची कधीच परवानगी नव्हती, म्हणून मी बसून राहिलो. तेव्हा त्यांनी वरणभात कालवून हातानं माझ्या तोंडाशी धरला. मी खाल्लं. भात गार झाला होता.

"झालं," काकू म्हणाल्या. "आता त्यांची वाट बघायची नाही. बसा जेवायला."

शिकारीचा मोसम नोव्हेंबरात सुरू होतो. ऋषी त्याआधीच गेला. अ‍ॅशबर्नच्या अपार्टमेंटमध्ये कुत्रे चालत नाहीत. फोनवर तो माझी चौकशी करतो, काकू फोन माझ्या कानाला लावतात.

आता २००८चा नोव्हेंबर आहे. सकाळी लांबून बंदुकीचे बार ऐकू येतात. मी उठून दारापर्यंत जातो, थोडा वेळ उभा राहतो आणि परत येतो. कंबर आता जास्त दुखते. काकू दिवसभर माझ्याशी बोलतात, भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना. मी ऐकतो. पण मला आलेली विद्या त्यांच्या उपयोगाची नाही, आणि त्यांना ती नकोच आहे.

मित्रांनो, म्हाताऱ्या कुत्र्याला नवं काही शिकवता येत नाही असं समजू नका. आम्ही शिकतो. उशिरा शिकतो, म्हणून अधिक मनापासून शिकतो. पण शिकवाल, तर पुढे त्याच्याबरोबर गवतात उतरण्यासाठीही थांबा. कारण तुम्ही निघून गेलात तरी तुम्ही शिकवलेलं त्याच्या अंगात राहतं, आणि बार ऐकला की तो उठतोच.